दुखवट्याच्या दिवाळीचा फराळ

हरिपूरच्या रस्त्याला लागल्यावर शालूबाईंनी पिशवी पुन्हा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. शरयूवहिनींनी हात पुढं केला, तशी त्यांनी मान हलवली.

"ऱ्हाऊ द्या वैनी. हलकी हाय."

हलकी असती तर पट्ट्याखाली पोलकं घामानं भिजलं नसतं, तेही कार्तिकातल्या गार सकाळी. पण शरयूवहिनी काही बोलल्या नाहीत. कार्तिकातल्या सोमवारी संगमेश्वराला चालत जायचं तर तोंडात नाम असावं, वाद नसावा, असा त्यांचा कैक वर्षांचा नेम. माधवनगरहून दोघी झुंजूमुंजू होताना निघाल्या होत्या. गणपतीच्या देवळाला रस्त्यावरूनच हात जोडून झाले, सांगली मागं पडली, आणि आता दोन्ही अंगांनी चिंचांची जुनी झाडं होती. खाली पिवळा पाला पडलेला, त्यावरून चपला वाजत नव्हत्या. एरवी वहिनी एकट्याच यायच्या. यंदा शालूबाईंना बरोबर घेतलं होतं, ते अर्धं देवापायी आणि अर्धं डॉक्टरांपायी.

शालूबाई वहिनींच्या समोरच्या घरात राहायच्या. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली आबाच म्हणायची, श्रावणात गेले. साखरेच्या दुखण्यानं गेले. आधी पायाचं बोट काढलं, मग पाऊल, मग मूत्रपिंडं थकली. त्यांचे दिवस होतात न होतात तोच शालूबाईंना डाव्या डोळ्यानं सुईचं नेढं दिसेनासं झालं. बाई वाकळा शिवून चार घरं धरून होती. लोकांच्या आईच्या, आजीच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा. टाका असा बारीक की उलटी सुलटी बाजू ओळखू येऊ नये. चष्मा बदलायचा म्हणून त्या मिरजेला गेल्या. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून आत बघितलं आणि रक्त तपासायला धाडलं. साखर निघाली, आणि तीही आजकालची नव्हे, कधीची मुरलेली. आयुष्यभर नवऱ्याच्या साखरेवर पहारा केला, पण स्वतःचं बोट टोचून बघायचं कधी सुचलंच नव्हतं.

डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, डॉक्टर म्हणाले. खाणं आवरा, चाला, गोळ्या चुकवू नका आणि दिवाळीनंतर दाखवायला या. साखर उतरलेली दिसली तर हा डोळा आहे तेवढा राखू, उजव्याला काही होऊ देणार नाही. नाही उतरली तर मात्र शब्द देत नाही.

दिवाळी होऊन गेली होती. येत्या बुधवारी मिरजेला जायचं होतं.

खरं तर खाणं आवरणं शालूबाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्यांचा निम्मा संसार त्यातच गेला. आबा माधवनगरच्या कापडगिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली आणि बरंच हिंडल्यावर त्यांना तासगावच्या वाटेवर बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजवर रखवालदारी मिळाली. आत थप्पीवर थप्पी बेदाण्याच्या पेट्या, दारात आबा, आणि साखर निघाली ती नेमकी त्याच साली. "दात हुते तवा चणं न्हवतं," आबा सगळ्यांना सांगायचे, "आन् आता चणं मिळालं तर देवानं दाक्तर मधी उभा केला." रखवालीवरून घरी आले की शालूबाई उंबऱ्यातच आडव्या उभ्या राहायच्या. आधी खिसे उलटे करून दाखवायचे, मग घरात पाऊल. आबांनी बेदाणे टोपीच्या घडीत लपवून बघितले, मोज्यात लपवून बघितले. मोज्यातले निघाले त्या दिवशी शालूबाई इतक्या हसल्या की वहिनींना समोरून ऐकू आलं. लग्नाकार्यात पंगतीला त्या वाढायच्या निमित्तानं नवऱ्याच्या मागं उभ्या राहायच्या आणि पानात जिलबी पडली रे पडली की उचलायच्या. गल्ली त्यांना फौजदारीण म्हणायची. आबा स्वतःच तो शब्द पाव्हण्यांना सांगायचे, तेही कौतुकानं.

म्हणून स्वतःवर पाळी आली तेव्हा शालूबाईंनी रडगाणं लावलं नाही. चहातली साखर त्या दिवशी सुटली ती सुटली. सकाळी ज्वारीची भाकरी आणि मेथी, रात्री मुगाचं वरण नाहीतर नुसतं ताक. भात चमचाभर, तोही सणाला. शरयूवहिनींबरोबर रोज सकाळी रेल्वे फाटकापर्यंत जाऊन यायचं. आबांचं रक्त तपासायचं मशीन होतंच. त्यावर आकडा हळूहळू खाली आला. नवरात्रात तर वहिनींनी देवीपुढं त्यांच्या नावानं नारळ ठेवला आणि खोबरं त्यांना न देता गल्लीत वाटलं, यावर दोघी हसल्याही.

मग दिवाळी आली.

ज्या घरात वर्षात माणूस गेलं, त्या घरात पहिल्या दिवाळीला कढई चढवत नाहीत. पण दिवाळीच्या दिवशी घर कोरडं राहू नये म्हणून भावकीनं, सोयऱ्यांनी, शेजाऱ्यांनी फराळ घेऊन जायचं. दुखवट्याचा फराळ. रीत मायेचीच आहे. ज्यांनी पाडली त्यांच्या डोळ्यांपुढं लेकराबाळांनी भरलेलं घर असणार, साखरेची गोळी घेणारी एकटी बाई नसणार. आणि या रितीला एक दुसरी बाजू आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, नुसती पाळतात. एरवी शेजारचं ताट आपण कधी रिकामं धाडत नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकतो. दुखवट्याच्या घरातून मात्र वर्षश्राद्ध होईतो गोडाचा कण बाहेर जात नाही. ताट भरलेलं येतं आणि रिकामं परत जातं. कुणी द्यायचं नाही, कुणी घ्यायचं नाही, नाहीतर दुखवटा घेणाऱ्याच्या घरात शिरेल, ही मनातली भीती.

पहिला डबा फलटणहून लेकीचा आला. अक्षता स्वतः घेऊन आली, दोन रात्री राहिली, आईच्या गळ्यात पडून रडली आणि जाताना बजावून गेली की फार खाऊ नको. मग जावांचे डबे आले. मग कोल्ड स्टोरेजमधली आबांच्या बरोबरची माणसं आली, त्यांनी बेदाणे आणले, आणखी काय आणणार. मग गल्लीनं ताटं आणली. शंकरपाळी, चिरोटे, अनारसे, करंज्या, रव्याचे लाडू. सगळ्यांना शालूबाईंची साखर ठाऊक होती. तरीही प्रत्येकीला वाटलं, माझंच ताट गेलं नाही तर कसं दिसेल. शरयूवहिनींनाही तसंच वाटलं. त्यांनी बेसनाचे लाडू नेले. साजूक तुपातले, वर एकेक बेदाणा लावलेला. शालूबाईंनी ताट दोन्ही हातांनी घेतलं, लाडू डब्यात काढले आणि रिकामं ताट पदरानं पुसून परत दिलं. त्या वेळी त्यांचा हात ताटावर जरासा जास्त वेळ राहिला, एवढं वहिनींच्या लक्षात आलं होतं. त्यांना वाटलं, आबांची आठवण आली असेल.

चिंचांखालच्या एका मोरीच्या कठड्याशी शालूबाई थांबल्या आणि टेकल्या. पिशवी मांडीवर घेतली. वहिनींनी कमरेच्या बटव्यातून साखरफुटाण्यांची पुडी काढली. साखर एकदम उतरली तर म्हणून त्या नेहमी जवळ ठेवायच्या.

"ते नगं. उतरली न्हाई, चढलीय," शालूबाई म्हणाल्या. "सकाळी मशीन लावलं. तीनशेच्या वर दावतंय."

वहिनी खाली बसल्या. हळदीची पोती भरलेला एक टेंपो गेला, त्याचा वास मागं राहिला. मग शालूबाईंनीच पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत डब्यांवर डबे होते, फडक्यात बांधलेली पुरचुंडी होती, सगळ्यांत वर वहिनींच्याच लाडवांचा डबा होता, त्यात अजून लाडू होते.

मग त्या सांगत गेल्या, जमिनीकडं बघत. पहिल्यांदा सगळं माळ्यावर टाकलं. माळ्यावर चढायला शिडी लागते, चढेपर्यंत मन फिरेल असं वाटलं. नाही फिरलं. मग आबांच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. कुलपाची किल्ली आपल्याच कमरेला, तिचा काय उपयोग. गल्लीच्या टोकाला गवळ्याच्या म्हशी असतात, त्यांना शंकरपाळी चारली, तर दुसऱ्या दिवशी बिराप्पा गवळी काठी टेकत दारात आला. म्हस रवंथ करीना, दूध निम्म्यावर आलंय, म्हणाला, आमच्या जनावराची कसली दिवाळी करताय मावशी. इथं वहिनींना हसू आलं आणि शालूबाईंनाही आलं, पण टिकलं नाही. कारण त्यानंतरचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. शेजारची ओवी अंगणात खेळत होती, तिला हाक मारून त्यांनी एक चिरोटा दिला. पोरीनं एक घास घेतला असेल नसेल, तोवर तिची आई बाहेर आली. रागावली नाही, वाईट बोलली नाही. पोरीच्या हातातला चिरोटा घेतला, शालूबाईंच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाली, वर्ष होऊ दे मावशी, मग मीच मागून नेईन. तो चिरोटा त्या दिवशी दिवे लागेपर्यंत कट्ट्यावर होता. मुंग्या लागायच्या आत शालूबाईंनी तो खाल्ला. त्याच्यावर आणखी दोन खाल्ले. तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही.

"आज नदीला सोडते सगळं," त्या म्हणाल्या. "संगमावर. तुमी देवाला जावा, मी घाटावर बसते."

शरयूवहिनींना अन्न पाण्यात टाकणं पटणारं नव्हतं. अन्नाला पाय लागला तर हात जोडणारी बाई ती. पण मनात दुसरा विचारही आला, आणि तो त्यांनी हाकलला नाही. नदी सगळं पोटात घेते, कुणाचं ताट कुणाकडून आलं ते विचारत नाही. बाईचा डोळा वाचेल, कुणाला काही म्हणायला नको. आपल्यालाही नको. घरी सून वल्लरी आठव्या महिन्यात होती. ती माहेरी जायची नाही असं ठरलं होतं, बाळंतपण इथंच व्हायचं होतं. अशा दिवसांत रितीभातीला जरा जपूनच असावं, असं वहिनींना वाटायचं. त्यांचे यजमान चिंतामणराव यावरून थट्टा करायचे, पण तेही ग्रहण लागलं की सुनेला खिडकीशी बसू देत नसत.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "जलचरांच्या मुखी लागेल. तेही पुण्यच."

उरलेली वाट दोघी भराभर चालल्या. शालूबाईंनी मध्येच एकदा पिशवी वहिनींच्या हातात दिली सुद्धा.

देवळाच्या पायरीपाशी शालूबाई थांबल्या. वर्ष होईतो देवळात पाऊल नको, असं त्यांच्या मोठ्या जाऊबाईंनी सांगितलं होतं. बाहेरूनच कळसाला हात जोडून त्या घाटाकडं वळल्या. शरयूवहिनी आत गेल्या. सोमवार असल्यानं गाभाऱ्यापुढं गर्दी होती. बेल वाहताना त्यांनी मनात आधी शालूबाईंच्या डोळ्याचं मागणं घातलं, मग वल्लरीचं. नेहमी घरचं आधी यायचं. आज उलटं का झालं, हे त्यांना कळलं नाही. गुरवानं ओंजळीत खोबरं आणि खडीसाखर टाकली. एक वाटा शालूबाईंचा म्हणून त्यांनी मूठ मिटली, दोन पावलं चालल्या, आणि भान येऊन दोन्ही वाटे आपल्याच तोंडात टाकले. अंगारा तेवढा कागदात घेतला.

घाटाच्या वरच्या पायरीवरून त्यांना शालूबाई दिसल्या. त्या पाण्याशी, खालून तिसऱ्या पायरीवर पाठमोऱ्या बसल्या होत्या. डबे उघडून ओळीनं मांडलेले. समोर वारणेचं पाणी कृष्णेत मिसळत होतं, काठाशी मासे उसळत होते. म्हणजे काहीतरी पाण्यात पडलं होतं. वहिनींना बरं वाटलं. त्या सावकाश पायऱ्या उतरू लागल्या. जवळ आल्यावर त्यांना शालूबाईंचा जबडा हलताना दिसला.

हातात अर्धी करंजी होती.

"शालूबाई."

त्या दचकल्या नाहीत. तोंडातलं गिळून म्हणाल्या, "ही अक्षताची. सारणात खसखस जास्ती घातलीया बघा, मला आवडती म्हणून. सासूच्या चोरून घातली आसंल. न चाखता कशी सोडू पाण्यात?"

मग वहिनींना त्यांचा सगळा हिशेब कळला. प्रत्येकीच्या डब्यातला एक आधी आपल्या तोंडात, मग बाकीचं पाण्यात. ज्या बाईनं चुलीपुढं बसून केलं, तिच्या हाताचा मान म्हणून. पहिल्या डब्यातली शंकरपाळी तेवढी पाण्यात गेली होती. धाकट्या जावेचे अनारसे चाखले ते डब्यातच राहिले होते. रव्याचा लाडू चाखला होता. चिरोटा चाखला होता. वहिनींच्या डब्यातला बेसनाचा लाडूही एक कमी होता. नदीपर्यंत वाहून आणलेलं ओझं नदीच्या काठावर बसून बाईच्याच पोटात चाललं होतं.

शरयूवहिनींना राग आला. त्यांना सहसा येत नसे, त्यामुळं आला की आवरता येत नसे. बुधवारी डॉक्टरांना काय तोंड दाखवणार आहात, त्या म्हणाल्या. डोळा गेला तर सुईत दोरा कोण ओवून देणार आहे, मी का अक्षता? आणि मग जे बोलू नये तेही बोलून गेल्या. "आबांना एक बेदाणा खाऊ दिला नाहीत. त्या माणसाचे मोजे तपासलेत. आणि तुम्ही स्वतः?"

बोलल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. त्या पायरीवर बसल्या. पलीकडं एक बाई धुणं धूत होती, ती क्षणभर थांबून इकडं बघायला लागली आणि पुन्हा धुण्याला लागली.

शालूबाईंनी अर्धी करंजी डब्यात परत ठेवली. हात पाण्यात बुडवून धुतले, पदराला पुसले. त्यांना वाईट वाटलं असेल तर तोंडावर दिसत नव्हतं. त्या बऱ्याच दिवसांपासून मनात घोळवलेलं बोलावं तशा बोलायला लागल्या.

"वैनी, त्यास्नी मी न्हाई म्हनायची, खरं हाय. पन नुसतं न्हाई म्हनून भागत न्हाई माणसाचं. घरात प्याडा आला की मी त्यांच्याच हातात द्यायची, म्हनायची, जावा, आळीतल्या पोरांस्नी वाटून या. मग ते पायात चपला घालून जायाचे. पोरं भवती गोळा व्हायची, आबा आबा करायची. परत यायाचे ते जेवल्यावानी तोंड करून यायाचे. म्हनून निभलं त्यांचं एवढी वर्सं. माझ्या पहाऱ्यानं न्हवं."

त्या थांबल्या. एका डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं का बघितलं.

"मला खायाचं न्हाई, हे मला कळतंय. मी काय अडाणी न्हाई. पन मला द्यायाचं बी न्हाई. घरात नुसतं येतंय, जातंय कुठंच न्हाई. मग ते माझ्यातच जानार की. दुसरं दारच न्हाई त्याला."

वहिनींनी पाण्याकडं बघितलं. काही बोलायला हवं होतं, पण जे सुचत होतं ते सगळं पुस्तकातल्यासारखं होतं. रीत माणसांनीच पाडलेली असते, वगैरे. बोलायला सोपं. त्यांना ते ताट आठवलं, पदरानं पुसून परत दिलेलं, आणि त्यावर जरा जास्त राहिलेला हात. त्या वेळी आपण ताट चटकन ओढून घेतलं होतं का? घेतलं असेल. घरी आणल्यावर ते वेगळं घासून, ऊन दाखवून मग फडताळात ठेवलं होतं, एवढं मात्र नक्की. वल्लरीनं विचारलं होतं, आई, हे एकच ताट उन्हात का? तिला काहीतरी सांगितलं होतं.

"श्रावनापासनं ह्या हातानं कुनाला कायबी दिलं न्हाई," शालूबाई म्हणाल्या. "शिवलेली वाकळ सुदीक बाया म्हनत्यात, ऱ्हाऊ द्या मावशी, वरीस झाल्यावर नेतो. घडी घालून ठिवल्यात. आन् परत्येक जन मला द्यायला येतंय. घ्या, खावा, बसा, रडू नगा. मी काय नुसती घेत ऱ्हाऊ व्हय?"

वहिनींनी अंगाऱ्याची पुडी उघडली. शालूबाईंच्या कपाळाला बोट टेकवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, मिटलेले तसेच ठेवले. डाव्या पापणीच्या कडेला बारीक सूज होती. दोघी इतक्या जवळ बसल्या होत्या की वहिनींना त्यांच्या श्वासाला वेलदोड्याचा वास आला.

मग शालूबाईंनी डोळे उघडले आणि एकेक करून सगळे डबे पुन्हा पिशवीत भरले. पाण्यात काही टाकलं नाही. वहिनींनी अडवलं नाही. पिशवी बांधून त्यांनी ती दोघींच्या मध्ये पायरीवर ठेवली.

"एक मागते," त्या म्हणाल्या. "न्हाई म्हनला तरी राग न्हाई. उद्या सकाळी तुमी तुमचं ताट घेऊन माझ्याकडं या. मी भरून देते. ह्यातलंच, ज्याला मी तोंड लावलं न्हाई ते. गल्लीतनं झाकून नेऊ नगा, उघडं न्या. गायीला घालू नगा, नदीला सोडू नगा, कामवालीला देऊ नगा. घरात न्या, देवापुढं ठेवा, आन् सगळ्यांनी खावा. चिंतामणभावजींनी, तुमच्या ल्योकानं, शौनकनं, तुमी. वल्लरीनंबी."

वहिनींनी मान वर केली.

"तिला आठवा हाय, मला ठावं हाय. म्हनूनच तुमाला सांगतीया. दुसऱ्या कुनी नेलं तर त्येच्यावर चार दिस बोलतील आन् गप बसतील. तुमच्या घरात, पोटुशी पोर असताना गेलं, तर मग कुनाला न्हाई म्हनायला तोंड उरायचं न्हाई. बुधवारच्या आत माझं घर रिकामं हुईल." त्यांनी पिशवीचा पट्टा हातात घेतला आणि सोडला. "भ्या वाटत असंल तर तसं सांगा. मलाबी वाटतंय. पोरीला कायबी झालं तर जन्मभर मी सोताला माफ करनार न्हाई, आन् तुमीबी मला. तरीबी मागते. न्ह्याल का वैनी, ताट भरून?"